३.२ जीबीचा दिवाळी अंक: पानांच्या फाइलीत अडकलेली चित्रं बाहेर कशी काढायची

अंक छपाईला जायच्या पंधरवड्यात फाइल जड झाली की पहिला ठपका संगणकावर येतो. रॅम वाढवा, नवी एसएसडी लावा, सॉफ्टवेअर पुन्हा टाका. या प्रकरणात दोष संगणकाचा नाही. प्रकरण नमुन्याचं आहे: डीटीपीच्या कामात वारंवार घडणाऱ्या गोष्टी एकाच अंकात गोळा केल्या आहेत आणि हिशेब कुणालाही पडताळता यावा म्हणून आकडे सुटसुटीत घेतले आहेत.

अंकाचा आकार ७.२५ × ९.५ इंच. आतली पानं २२४, म्हणजे सोळा पानांचे चौदा फॉर्म. त्यातला एक फॉर्म चार रंगांत, उरलेले तेरा एकरंगी, मॅपलिथो कागदावर. सगळी पानं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या एकाच फाइलीत लावलेली आणि ती फाइल ३.२ जीबी. सेव्ह दाबलं की काम थांबतं. फाइल ऑनलाइन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे एक काना दुरुस्त करून सेव्ह केलं तरी सगळी ३.२ जीबी पुन्हा वर चढायला लागते. फाइल आणि जाहिराती एकत्र झिप केल्या तर आकडा चार जीबीच्या पलीकडे जातो आणि जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती झिप घेतच नाही, कारण त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ही एक अडचण सुटते, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

ते दुखणं कळतं चौथ्या लक्षणावरून. व्यंगचित्रकाराने चित्रातला मजकूर सुधारून नवी फाइल पाठवली, ती त्याच नावाने फोल्डरमध्ये टाकली आणि पानावर मात्र जुनंच चित्र राहिलं. कुठलीही सूचना आली नाही, बाहेरचं चित्र बदललं की इनडिझाइन दाखवतं तो पिवळा त्रिकोण दिसला नाही. चित्र पानाच्या फाइलीत एम्बेड झालेलं, म्हणजे फाइलीच्या आतच साठवलेलं असलं की असंच होतं. बाहेरची फाइल आणि पानावरचं चित्र यांचा संबंध तुटलेला असतो. जाहिरातीत जुना फोन नंबर किंवा जुनी किंमत छापली जाते ती याच वाटेने. वेळ वाया जाणं एक वेळ परवडतं, हे परवडत नाही.

एवढा आकार आला कुठून

निदानाची पहिली पायरी फुकट आहे. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत संगणकाच्या आतल्या डिस्कवर घ्या, उघडा आणि ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्या. साधं सेव्ह करताना इनडिझाइन बदल फाइलीत जोडत जातं आणि काढून टाकलेल्या गोष्टींची जागा लगेच मोकळी करत नाही. सेव्ह ॲज केलं की फाइल नव्याने लिहिली जाते. या प्रकरणात ३.२ जीबीवरून आकडा साधारण २.८५ जीबीवर येतो. म्हणजे साडेतीनशे एमबी निव्वळ साचलेला गाळ होता. जिथे सेव्ह ॲजने फाइल निम्म्याहून खाली येते तिथे चित्रांच्या मागे लागण्याआधी हाच उपाय पुरेसा ठरतो. इथे तो पुरत नाही.

उरलेल्या २.८५ जीबीचा हिशेब असा. एकरंगी पानांवर २० फोटो आहेत. कॅमेऱ्यातले, प्रत्येक ६००० × ४००० पिक्सेलचे. ते फोटोशॉपमध्ये उघडून, कॉपी करून, पानावर थेट पेस्ट केले आहेत. कॅमेऱ्याची जेपेग फाइल आठ-दहा एमबीची दिसते ती दाबलेली असते म्हणून. क्लिपबोर्डवरून येताना ते दाबलेपण निघून जातं. दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल, प्रत्येकाला आरजीबीचे तीन बाइट, म्हणजे एक फोटो ७२ एमबी. वीस फोटो १४४० एमबी.

दुसरा मोठा वाटा व्यंगचित्रांचा. बारा चित्रं, प्रत्येक ए-४ कागदावरचं, ६०० पीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) रंगीत स्कॅन करून न दाबलेल्या टिफमध्ये ठेवलेलं. ४९६० × ७०१६ पिक्सेल, तीन बाइट धरून सुमारे १०४ एमबी. बारांचे साडेबाराशे एमबी. ही चित्रं रीतसर प्लेस केलेली, म्हणजे बाहेरच्या फाइलीशी लिंक राखून पानावर लावलेली होती, पण नंतर ‘प्रेसमध्ये चित्र सापडत नाही’ या धास्तीने लिंक्स पॅनेलमधून ‘एम्बेड लिंक’ करून टाकलेली. उरलेले सुमारे १४० एमबी वर्डच्या फाइलींतून मजकुराबरोबर आत आलेल्या चित्रांचे. मजकूर स्वतः किती जागा घेतो? संपूर्ण अंकाचा मजकूर काही एमबींत मावतो.

ही धास्ती कुठून आली तेही समजून घेण्यासारखं आहे, कारण ती समजल्याशिवाय सवय जात नाही. आपल्याकडच्या अनेक जुन्या जाणत्या ऑपरेटरांचा हात पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बसला. पेजमेकर २५६ केबीहून मोठं चित्र घेताना विचारायचं, की याची पूर्ण प्रत फाइलीतच ठेवू का? ‘हो’ म्हटलं की चित्र हरवण्याची चिंता मिटायची. फाइल दुसऱ्या मशीनवर हातोहात नेण्याच्या दिवसांत, चित्रंही लहान असताना, ते उत्तर योग्यच होतं. आज एक मोबाइल फोटो उलगडला की तेव्हाच्या अख्ख्या पुस्तकाहून मोठा होतो. चित्र हरवू नये ही काळजी आजही रास्तच आहे, पण त्यासाठी चित्रांना एक ठरलेलं घर देणं हाच इलाज आहे. फाइलीच्या पोटात कोंबणं हा नव्हे.

एक अपवाद. ४८ केबी किंवा त्याहून लहान चित्र इनडिझाइन प्लेस करतानाच पूर्ण रूपात आत घेतं आणि तरी लिंक्स पॅनेलमध्ये त्याची नोंद ठेवतं. छोटी बोधचिन्हं, लेखाच्या शेवटची फुली-नक्षी यांच्या मागे लागू नका.

चित्रं बाहेर काढणं

तीन प्रकारची चित्रं, तीन वाटा. लिंक्स पॅनेल उघडा. एम्बेड केलेल्या चित्रासमोर त्याची खूण दिसते. पेस्ट केलेलं चित्र या यादीत येतच नाही. पानावरच्या चित्रावर ‘डायरेक्ट सिलेक्शन’ या साधनाने क्लिक करा. पॅनेलमधली एकही ओळ निवडली गेली नाही तर ते पेस्ट केलेलं आहे. २२४ पानं अशी पालथी घालायला तास-दीड तास लागतो. कागदावर तक्ता करा: पान, लेख, चित्र, प्रकार. पुढचं सगळं काम या तक्त्यावर चालतं.

एम्बेड केलेल्या चित्रांचं सोपं. पॅनेलमध्ये ती निवडा, ‘अनएम्बेड लिंक’ द्या. इनडिझाइन विचारतं, मूळ फाइलींशी जोडायचं का? इथे घाईने ‘येस’ दाबू नका. ‘येस’ म्हटलं तर ते जुन्या पत्त्यावरची फाइल शोधतं. ती तिथे नसेल तर लिंक हरवते. ती असेल आणि मधल्या काळात बदललेली असेल तर पानावर न तपासलेलं चित्र येतं. ‘नो’ म्हणा, लिंक्सचं फोल्डर दाखवा, म्हणजे आत जे आहे तेच जसंच्या तसं बाहेर लिहिलं जातं. मग सुधारित व्यंगचित्र हाताने, डोळ्यांनी पाहून, ‘रीलिंक’ करा.

वर्डमधून आलेली चित्रं पॅनेलमध्ये एम्बेड म्हणून दिसतात आणि त्याच रीतीने बाहेर निघतात. पण त्याआधी लेखकाची मूळ डॉक-एक्स फाइल बघा. ती आतून झिपच असते. तिची प्रत घेऊन शेवटचं नाव बदलून झिप करा, उघडा, ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरात ‘मीडिया’ फोल्डर मिळेल, त्यात सगळी चित्रं स्वतंत्र फाइली म्हणून असतात. तिथली चित्रंही पूर्ण दर्जाची असतीलच असं नाही: वर्ड सेव्ह करताना चित्रं २२० पीपीआयपर्यंत उतरवू शकतं आणि तो हिशेब वर्डमधल्या चित्राच्या मापाचा असतो. लेखकाने वर्डमध्ये चित्र दोन इंचांचं केलं आणि तुम्ही पानावर पाच इंचांचं लावलं, तर चित्र फुटणार. अशा वेळी लेखकाकडे मूळ फोटो मागणं हाच मार्ग. पुढच्या वेळी मजकूर प्लेस करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’ला खूण करून ‘इम्पोर्ट इनलाइन ग्राफिक्स’ची खूण काढा, म्हणजे मजकूर एकटाच आत येईल.

पेस्ट केलेले वीस फोटो हे खरं कष्टाचं काम. मूळ फाइल असेल तर चौकट निवडा, कंट्रोल-डी, फाइल निवडा, ‘रिप्लेस सिलेक्टेड आयटम’ला खूण. नवं चित्र आधीच्याच मापात बसेल याची खात्री नसते, म्हणून बदलण्याआधी कातरण कुठे आहे ते पाहून ठेवा. पाच जणांच्या रांगेतला कडेचा माणूस चौकटीबाहेर गेला तर फोटोखालची नावं चुकतात.

मूळ फोटो मिळतच नसेल तर पानावरचाच पिक्सेल न गमावता काढता येतो. चौकट निवडून जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. त्यात चौकटीबाहेरचा भाग जातो आणि दर्जाही उतरतो. त्याऐवजी फक्त ते पान प्रिंट पीडीएफमध्ये एक्स्पोर्ट करा. कॉम्प्रेशनमध्ये तिन्ही ठिकाणी ‘डू नॉट डाउनसॅम्पल’, दाबण्याची पद्धत झिप, ‘क्रॉप इमेज डेटा टू फ्रेम्स’ची खूण काढलेली, आउटपुटमध्ये ‘नो कलर कन्व्हर्जन’ आणि सुसंगतता ॲक्रोबॅट ५ किंवा वरची. त्याहून जुनी ठेवली तर सावली किंवा पारदर्शकता असलेल्या चित्रांचे तुकडे पडतात. हे पीडीएफ फोटोशॉपमध्ये उघडताना खिडकीत ‘पेजेस’ऐवजी ‘इमेजेस’ निवडा. चित्र अखंड, आपल्या पिक्सेलसह हाती येतं.

व्यंगचित्रं: इथे थांबून बघा

दिवाळी अंकातली रेषा ही वाचकाला लक्षात राहणारी गोष्ट आहे आणि तिचीच छपाईत सर्वांत जास्त हेळसांड होते. काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर काढलेल्या चित्रात दोनच अवस्था असतात, शाई आहे किंवा नाही. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलला एक बिट पुरतो. रंगीत स्कॅन २४ बिट खर्च करतो. तोच ए-४ स्कॅन एक-बिट बिटमॅप केला तर १०४ एमबीचे ४.३५ एमबी होतात आणि टिफमध्ये सीसीआयटीटी ग्रुप-४ या एक-बिट चित्रांसाठीच्या पद्धतीने दाबला की मोकळा पांढरा भाग भरपूर असलेलं चित्र बहुधा एक एमबीच्या आत येतं. दर्जा तसूभरही कमी होत नाही, उलट सुधारतो: ग्रे चित्राला स्क्रीनचे (छपाईत राखाडी छटा दाखवणारे) ठिपके पडतात आणि रेषेची कड करवतीसारखी होते, एक-बिट रेषा प्लेटवर अखंड उतरते.

कृती: स्कॅन ग्रेस्केलमध्येच घ्या. लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा पांढरा करा, पेन्सिलच्या खुणा पुसा. रेझोल्यूशन १२०० करा, मग इमेज – मोड – बिटमॅप, पद्धत ‘५०% थ्रेशोल्ड’. बारीक रेषा तुटत असतील तर परत जाऊन लेव्हल्समधला मधला सरकपट्टा किंचित पांढऱ्याच्या बाजूने घ्या, म्हणजे रेषा गडद होते. हे प्रत्येक चित्राला वेगळं करावं लागतं, बारा चित्रांना एकच ॲक्शन चालवू नका. ए-४ चित्र पानावर पाच इंच रुंद लागणार असेल तर ६०० चाच स्कॅन तिथे जवळपास ९९० पीपीआयचा होतो, तोही चालतो. चित्रात शाईचा वॉश, राखाडी छटा असतील तर बिटमॅप अजिबात नको. ते ग्रेस्केलच ठेवा, छपाईच्या मापाला ४५० ते ६०० पीपीआय.

जेपेगमध्ये आलेल्या रेषाचित्राभोवती करड्या धुळीचे ठिपके दिसतात, ते दाबण्याच्या पद्धतीमुळे. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तर लांबीला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत उतरलेलं असतं. फोटोला ते पाच इंचांपर्यंत ३०० पीपीआय देतं, रेषेला अगदीच तोकडं पडतं. चित्रकाराला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढंच सांगावं.

फोटो लहान करायचे का

लगेच नाही. एकदा चित्रं लिंक झाली की त्यांच्या पिक्सेलचा पानाच्या फाइलीवर फारसा भार राहत नाही, आत फक्त पडद्यापुरती छोटी प्रतिमा राहते. संपादक शेवटच्या आठवड्यात अर्ध्या स्तंभाचा फोटो पानभर करायला सांगतात. आधीच छाटलेला फोटो तेव्हा कामाला येत नाही. लहान करण्याचं काम पीडीएफ काढताना इनडिझाइनला करू द्या: ४५० पीपीआयच्या वरची चित्रं बायक्युबिक पद्धतीने ३०० वर. मॅपलिथोवर १३३ ची स्क्रीन (इंचाला ठिपक्यांच्या १३३ ओळी) असेल तर २५० सुद्धा पुरतात, कारण स्क्रीनच्या दीड ते दोन पट पिक्सेलच्या वर डोळ्याला काही मिळत नाही.

तेरा एकरंगी फॉर्मचे फोटो मात्र ग्रेस्केल करावेच लागतात. त्यामागचं कारण आकाराचं नाही, शाईचं आहे. आरजीबी फोटो चार प्लेटांत वाटला जातो आणि एकरंगी छपाईत फक्त काळी प्लेट गेली तर फोटो फिका पडतो. पानावर सव्वातीन इंच रुंद लागलेल्या फोटोत ६००० पिक्सेल म्हणजे १८४६ पीपीआय. ग्रेस्केल करून ३०० ला आणला की ९७५ × ६५० पिक्सेल, ०.६ एमबीच्या थोडा वर. ७२ एमबीच्या सुमारे ११४ पट कमी. अंतिम पीडीएफ ॲक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये उघडा आणि काळ्या प्लेटची खूण काढा. एकरंगी पानावर त्यानंतर काहीही दिसता कामा नये.

आयडीएमएल आणि विभागणी

पुष्कळ जण सुरुवातच आयडीएमएलने करतात आणि निराश होतात. आयडीएमएल ही इनडिझाइनमधूनच काढता येणारी पानाच्या फाइलीची दुसऱ्या रूपातली प्रत, म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल. एम्बेड केलेली चित्रं त्यात अक्षरांच्या सांकेतिक रूपात जशीच्या तशी जातात. आधी चित्रं बाहेर, मग आयडीएमएल, हा क्रम उलटला तर फायदा नाही. चित्रं बाहेर गेल्यावर आयडीएमएल काढून पुन्हा उघडलं की जुन्या स्टाइल, अर्धवट काढलेल्या वस्तू आणि इतर साचलेलं बरंच साफ होतं. या प्रकरणातली फाइल इथे पन्नास एमबीच्या आसपास येते. बाजूला लिंक्सचं फोल्डर साडेतीनशे एमबीचं.

आयडीएमएलने मजकूर सरकू शकतो, विशेषतः आवृत्ती बदलत असेल तर. म्हणून आधी जुन्या फाइलीचं पीडीएफ काढून ठेवा आणि नव्याशी पान-पान ताडून पाहा: प्रत्येक पानाची शेवटची ओळ तीच आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं. युनिकोड मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) आहे ना हेही तपासा. तो नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. मुद्रितशोधन झाल्यावर हा घोळ आला तर पुन्हा सगळी प्रुफं वाचावी लागतात.

२२४ पानं एका फाइलीत ठेवण्याचंही कारण नाही. इनडिझाइनचं ‘बुक’ वापरून कथा, लेख, कविता, परिसंवाद, रंगीत विभाग, जाहिराती अशा पाच-सहा फाइली करा. पानांचे क्रमांक आपोआप पुढे चालतात, स्टाइल एका मुख्य फाइलीशी जुळवून ठेवता येतात. विभागणी फॉर्मप्रमाणे करू नका. लेख सोळाव्या पानावर संपतोच असं नाही आणि तोडलेला मजकूर पुन्हा वाहता करणं फार त्रासाचं. फॉर्म लावणं प्रेसचं काम आहे, त्यांना एकसलग पीडीएफ द्यावं. प्रेसचं सीटीपी (संगणकावरून थेट प्लेट काढणारं यंत्र) जुनं असेल तर छपाईच्या पीडीएफचा पीडीएफ-एक्स-१ए हा प्रकार, नवं असेल तर एक्स-४, हे फोनवर विचारूनच ठरवा.

फोल्डरची रचना एकदाच ठरते आणि सगळ्यांनी पाळायची असते: मजकूर, मूळ चित्रं, लिंक्स, जाहिराती, पीडीएफ. मूळ चित्रांच्या फोल्डरला कुणी हात लावायचा नाही, काम लिंक्समधल्या प्रतींवर. चित्रांना पान क्रमांकाचं नाव देऊ नका, जाहिरात आली की पानं सरकतात. लेखाचं छोटं नाव आणि क्रमांक द्या, रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता. विंडोजवर फोल्डरांसकट फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की फाइल सापडेनाशी होते, त्यामुळे फोल्डरात फोल्डर खोल नेऊ नका. ऑनलाइन ड्राइव्हवर काम चालू ठेवू नका. आतल्या डिस्कवर काम, संध्याकाळी सगळ्या फोल्डरची प्रत वर.

शेवटच्या दिवशी येणारी जाहिरात कोरलड्रॉमधून कॉपी-पेस्ट करण्याचा मोह सगळ्यांत मोठा असतो. कोरलमधून अक्षरं कर्व्ह करून (फॉण्ट न लागणाऱ्या आकृत्यांत बदलून) पीडीएफ घ्या आणि ते प्लेस करा, दोन मिनिटांचं काम आहे. बदल आला की त्याच नावाने नवं पीडीएफ त्याच जागी ठेवा, लिंक्स पॅनेलमध्ये पिवळा त्रिकोण दिसेल, ‘अपडेट’ करा. अंक गेला की ‘पॅकेज’ करून फॉण्ट, लिंक्स, आयडीएमएल आणि छापलेलं पीडीएफ एकत्र ठेवा, आणि मूळ चित्रांचं फोल्डर त्याच्या शेजारी, कारण पॅकेजमध्ये फक्त पानावर लागलेल्या प्रती जातात. ई-आवृत्तीसाठी रंगीत फोटो त्या मूळ फोल्डरातूनच घ्यावे लागतील.